हिरव्या साडीतली बाई

माझी एक मैत्रीण होती. गोरी, जराशी स्थूल, नवऱ्याच्या डायबिटीसने वैतागलेली. खारघरलाच थोडी पलीकडे राहायची आणि माझ्यासारखीच कोरियन मालिकांची वेडी होती. तिच्याबरोबर मी इडली खायला जायचे, भाजी आणायला जायचे, कधी नुसतीच बागेत बसायला. सून कौतुकाने म्हणायची, "आई, बरं झालं, तुम्हाला कंपनी मिळाली." आता सांगूनच टाकते, ही मैत्रीण मुळात नव्हतीच. ती मी घरच्यांसाठी रचली होती, कारण माझ्याबरोबर इडली खायला जे यायचे ते एक गृहस्थ होते.

बघा, एवढं लिहिलं तर आत्ताही कानशिलं तापली. वय झालं की माणसाची लाज जाते म्हणतात. कुणी म्हटलं हे? माझी तर साठीनंतर दुप्पट झाली. आधी लाजायला कारणच नव्हतं. लग्न आईवडिलांनी ठरवलं, संसार झाला, मुलगा मार्गी लागला, नवरा गेला, मी सून-मुलाकडे राहायला आले. सगळं कसं चारचौघांत सांगण्यासारखं.

ओळख झाली ती गुडघ्यांमुळे. फिजिओथेरपीच्या दवाखान्यात दोन पलंगांमध्ये एक निळा पडदा असतो. मी अलीकडे शेक घेत पडलेली, फोनवर मालिका लावलेली, हिंदीत डब केलेली. तिच्यात कुणीतरी मरत होतं आणि मी डोळे पुसत होते. तेवढ्यात पडद्यापलीकडून आवाज आला, "जरा मोठ्यानं लावा की. कोण गेलं ते कळलं नाही." मी म्हटलं, "हिरोची आई." तर पलीकडून म्हणतात, "अरेरे, चांगली बाई होती हो!" म्हणजे हे गृहस्थ आठवडाभर पडद्याआडून माझी मालिका ऐकत होते.

ते मूळचे साताऱ्याकडचे, उरणच्या बंदरात नोकरी करून रिटायर झालेले, करंजाड्याला एकटे राहणारे. बायको बरीच वर्षं आधी गेलेली, मुलगी नागपूरला दिलेली. बोलायला मोकळे, माझ्यासारख्या कोकणातल्या माणसाला जरा जास्तच मोकळे वाटावेत असे. मला 'मॅडम' म्हणायचे. मी त्यांना काय म्हणावं हाच मोठा प्रश्न होता. नाव घेणं बरं दिसेना, 'भाऊ' म्हणवेना, आणि 'अहो' तर जन्मात एकाच माणसाला म्हटलेलं. मग मी हाक न मारताच बोलायला शिकले. 'काय म्हणते मी,' अशी सुरुवात करायची. ते हसायचे. "मॅडम, दाराची बेल वाजवल्यासारखं बोलता," म्हणायचे. फोनमध्ये मी त्यांचं नाव 'फिजिओ' म्हणून ठेवलं होतं.

आमच्यात काय होतं असं कुणी विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं. इडली होती, मालिका होत्या, गुडघे होते. हातालासुद्धा कधी हात लागला नाही, रस्ता ओलांडतानाचा सोडला तर. पण ज्या दिवशी भेट नसे त्या दिवशी मला भाजीत मीठ किती घातलं ते आठवत नसे. आमच्या सोसायटीतल्या एका बाईंनी उतारवयात लग्न केलं तेव्हा लिफ्टमध्ये सगळ्यांत मोठ्याने मीच म्हणाले होते, "म्हातारचळ, दुसरं काय!" बायका खो खो हसल्या होत्या. ते हसणं माझ्या कानात बसलेलं. आपलीच जीभ आपल्याला अशी चावते बघा.

मागच्या श्रावणात त्यांनी विषय काढला. मुलगी फ्लॅट विकून टाका, नागपूरला या म्हणून मागे लागली होती. रविवारी निघायचं असं ठरत आलं होतं. इडलीचा शेवटचा तुकडा सांबारात फिरवत म्हणाले, "मॅडम, मला जायचं नाही. पण चोरासारखं भेटायचाही आता कंटाळा आला. तुम्ही घरी एवढंच सांगा की असा एक माणूस आहे. बाकी काही नको. लग्नबिग्न तर नकोच, या गुडघ्यांनी सात पावलं कोण चालणार? पण मी आहे, एवढं तुमच्या घरात माहीत असू दे. सांगितलंत तर मी राहतो."

मी म्हटलं, "सांगते. बुधवारी सिनेमा बघून येऊ, मग सांगते."

तो सिनेमा आम्हाला दोघांनाही बघायचाच होता. कोरियातल्या एका जुन्या, गाजलेल्या सिनेमावरून आपल्याकडे नव्याने काढलेला. मूळचा आम्ही माझ्या फोनवर बघितलेला, बागेतल्या बाकावर, तुकड्यातुकड्याने. गोष्ट साधी. एक बस कंडक्टर बाई आणि एक गाण्याचे मास्तर. मास्तर रोज शेवटच्या स्टॉपचं तिकीट काढतात. तिथे त्यांचं काहीच काम नसतं, घर नसतं, माणूस नसतं. तिच्या बसमध्ये जास्तीत जास्त वेळ बसता यावं म्हणून शेवटचा स्टॉप. दोघंही एकमेकांना काही म्हणून सांगत नाहीत.

घरी मी सांगितलं, मैत्रिणीबरोबर सिनेमाला जाते. सुनेने फोनवरून तिकिटं काढून दिली. "खारघरला आहे की, एवढं लांबच्या मॉलला कशाला?" तिने विचारलं. मी म्हटलं, "मैत्रिणीला तिकडून बरं पडतं." खरं कारण, खारघरला कुणी बघितलं असतं. चोराच्या मनात चांदणं. "त्यांचे मिस्टर नाही का येत?" तिने विचारलं. मी म्हटलं, "त्यांना कंटाळा आहे सिनेमाचा." झालं! त्या एका वाक्याने माझ्या मैत्रिणीच्या सवाष्णपणावर मी शिक्का मारून टाकला आणि माझ्या लक्षातही आलं नाही.

आता सुनेचं सांगायला हवं. माझी नात आषाढात डेंग्यूने आजारी पडली. पोर हातची जाते की काय असे दिवस काढले आम्ही. त्यातून ती उठली, तेव्हा एरवी लॅपटॉपमधून डोकं वर न काढणाऱ्या माझ्या सुनेने जिवतीच्या पूजेचं मनावर घेतलं. श्रावणातल्या शुक्रवारी पुरणावरणाचा स्वयंपाक करायचा, एक सवाष्ण जेवायला घालायची, तिची ओटी भरायची, दूध आणि फुटाणे द्यायचे. पण सवाष्ण आणायची कुठून? पहिल्या शुक्रवारी तिने मजला पालथा घातला. एकीला ऑफिस, एकीचं डाएट, तिसरी म्हणाली, "डबा पाठवून दे ना." सून माझ्याजवळ येऊन रडवेली झाली. "आई, सवाष्णीला पार्सल कसं देणार?" मी घरातच होते, चांगली धडधाकट बाई, पुरण खायला केव्हाही तयार. पण मी त्या मोजणीत नव्हते. वाईट वाटत नाही म्हटलं तर खोटं होईल. वाटतं. पण त्या पोरीला मी तसं दाखवलं नाही.

बुधवारी आम्ही सिनेमा बघितला. दुपारचा खेळ, थिएटर अर्धं रिकामं. येताना सिग्नलला त्यांनी सोनचाफ्याची दोन फुलं घेतली होती. माळायला नव्हे, "वासाला," असं म्हणून माझ्या हातावर ठेवली. मी ती घाईघाईने पर्समध्ये टाकली. सिनेमा बरा होता. कोरियन सिनेमात बर्फ होता, आपल्यात पाऊस. कोरियन सिनेमात ती दोघं गप्प बसतात, आपल्यात त्या गप्प बसण्यावर गाणं. आपल्याकडे दुःखालासुद्धा गाणं लागतं.

पण एक प्रसंग जशाचा तसा ठेवलेला. एक दिवस त्या बाईचा भाऊ बसमध्ये चढतो. मास्तर नेहमीच्या जागेवर बसलेले. ती त्यांच्यासमोर येते, भावाकडे एकदा बघते आणि अनोळखी माणसाला विचारावं तसं विचारते, "कुठे जायचंय?" मास्तर तिच्याकडे बघत राहतात. मग पुढच्याच स्टॉपचं तिकीट मागतात आणि उतरून जातात.

मी चिडून त्यांच्या कानाशी म्हटलं, "बावळट आहे मेली. सांगायचं ना सरळ, हा माझ्या ओळखीचा आहे म्हणून! खाणार होता का भाऊ तिला?" आणि रडू लागले. त्यांनी रुमाल दिला.

बाहेर आलो तर धो धो पाऊस. माझे डोळे सुजलेले, हातात त्यांचा रुमाल. त्यांनी आपली मोठी काळी छत्री उघडून माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "धरा, मी रिक्षा बघतो." तेवढ्यात "आई!" अशी हाक आली. गेटपाशी माझा मुलगा आणि सून उभी. सुनेच्या हातात कुंकवाचा करंडा.

मला आधी कळेचना. सून म्हणाली, "आई, तुमच्या मैत्रिणीला परवाच्या शुक्रवारी सवाष्ण म्हणून बोलवायचंय. म्हटलं, फोनवर नको, कुंकू लावून रीतसर आमंत्रण करावं. आणि पाऊस आहे, त्यांनाही घरी सोडू. कुठे आहेत त्या?"

ते माझ्यापासून चार हातांवर उभे होते. सांगायचं होतं ते एकच वाक्य. ह्या माणसाबद्दल मला तुम्हाला सांगायचंय. मी शब्द दिला होता. शुक्रवार बाजूला राहिला असता, लाज वाटली असती, सून दोन मिनिटं गप्प झाली असती. एवढंच. पण माझ्या तोंडून काय निघालं? "ती बाथरूमला गेलीये."

आणि आम्ही थांबलो. देवा, आम्ही थांबलो! जन्माला न आलेली बाई बाथरूममधून बाहेर यायची वाट बघत मुलगा, सून आणि मी त्या गेटपाशी उभे. सुनेने करंड्याचं झाकण उघडून तयार ठेवलेलं. बाहेर येणाऱ्या प्रत्येक बाईकडे ती आशेने बघायची आणि माझ्याकडे वळायची. मी मान हलवायची. त्यांच्याकडे बघायची माझी हिंमत नव्हती.

शेवटी तेच पुढे आले. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मुलाला म्हणाले, "तुम्ही हिरव्या साडीतल्या बाईंना शोधताय का? जरा जाड्या, चष्मा? त्या मघाशीच मागच्या गेटनं रिक्षात बसून गेल्या. घाईत होत्या."

मुलगा म्हणाला, "अच्छा! थँक्यू हां, काका."

"काही नाही हो," असं म्हणून ते पावसात निघाले. छत्री माझ्या हातात. डोक्यावर हात धरून, दुखऱ्या गुडघ्याने, मॉलच्या भिंतीला धरून धरून ते चालत गेले. मी गाडीच्या काचेतून बघत होते. मुलाने वायपर चालू केला तेव्हा अजून दिसत होते.

गाडीत एसी लावल्यावर पर्समधला चाफा घमघमला. मुलगा म्हणाला, "कसला वास येतोय गं?" सुनेने मागे वळून माझ्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग पुढे तोंड करून बसली.

संध्याकाळी सगळे हॉलमध्ये बसलेलो असताना फोन वाजला. मुलाने स्क्रीन बघून माझ्याकडे सरकवला. "आई, फिजिओ." मी म्हटलं, "उद्याची वेळ बदलायची असेल. करते नंतर." केला नाही. काय तोंडाने करणार होते? बाल्कनीत ती काळी छत्री वाळत होती. सुनेने विचारलं, "ही कुणाची?" मी म्हटलं, "मैत्रिणीच्या मिस्टरांची." एक खोटं लपवायला शंभर खोटी लागतात, तशी माझी रांग लागली होती. गुरुवारी मी दिवसभर ठरवत राहिले, आता सांगू, पोळ्या झाल्या की सांगू, नातीचा अभ्यास झाला की सांगू. तिकडून पुन्हा फोन आला नाही. मैत्रीण येणार ना, असं सुनेने विचारलं, तर मी 'हो' म्हणाले. हे 'हो' का म्हणाले ते मला अजून समजलेलं नाही.

शुक्रवारी सुनेने रजा घेतली. सकाळपासून पुरण शिजत होतं. मी वाटायला बसले, तर म्हणाली, "तुमचे गुडघे दुखतात आई, मी करते." पाट मांडला, ताटाभोवती रांगोळी काढली, हिरवा खण आणि नारळ तबकात ठेवला. बाजूला एक लहान स्टीलचा डबा होता. मी विचारलं, "हे काय?"

"बिनसाखरेची खीर. त्यांच्या मिस्टरांना शुगर आहे ना? त्या इथे गोड जेवणार आणि त्यांना काहीच नाही, बरं नाही वाटत."

तो डबा बघितला आणि माझा धीर संपला. मी ओट्यालाच टेकले. म्हटलं, "अगं, ती येणार नाही. ती नाहीच. मी खोटं बोलले. कुणी मैत्रीण नाही, तिचे मिस्टर नाहीत, शुगर नाही. एक गृहस्थ आहेत. दवाखान्यात ओळख झाली. त्यांच्याबरोबर जाते मी." मुलगा कामाची मीटिंग सोडून खोलीच्या दारात येऊन उभा राहिला होता. त्याच्यासमोरच सगळं बोलले. पदर डोळ्यांना लावून, चोर पकडला गेल्यावर बोलतो तसं.

सुनेने आधी गॅस बंद केला. मग म्हणाली, "ते गेटवरचे. चाफा त्यांनीच दिला होता ना?"

मी मान हलवली.

"आई, माझ्या पोरीसाठी होतं हो हे," ती म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "मला आधी सांगितलं असतंत तर मी दुसरी कुणी बघितली असती. गृहस्थ तर गृहस्थ. मी काय म्हणणार होते?"

मुलगा अजून दारातच होता. तो चिडेल, हसेल, लोक काय म्हणतील ते सांगेल, सगळ्याची मी तयारी केली होती. तो म्हणाला, "मी त्यांना थँक्यू म्हटलं गं. आपली गाडी रिकामी होती. ते भिजत गेले आणि तू गाडीत बसून नुसती बघत होतीस?"

आठ महिने मी ज्या लाजेला घाबरून होते ती लाज ह्या घरात कुणाला वाटतच नव्हती. जी वाटायला हवी होती ती मात्र माझ्या मुलाला माझ्याबद्दल वाटत होती. त्याने माझा फोन उचलून माझ्या हातात दिला. "बोलव त्यांना. जेवायला बोलव. आत्ता."

मी फोन लावला. त्यांनी उचलला. मागे खूप गलका होता. आणि इतके दिवस सांभाळलेला शब्द मुलासुनेच्या देखत माझ्या तोंडून गेला. "अहो, कुठे आहात?"

पलीकडून ते म्हणाले, "भुसावळ आलं आत्ता. मुलीनं तत्काळमध्ये तिकीट काढलं. म्हटलं, रविवारपर्यंत कशाला थांबायचं? सकाळी निघालो."

"मी घरी सांगितलं," मी म्हणाले.

"केव्हा?"

"आत्ता. आत्ताच. मुलगा जेवायला बोलावतोय तुम्हाला. पुरणपोळी आहे."

"बरं केलंत," ते म्हणाले. खरंच बरं वाटल्यासारखं म्हणाले, त्याचाच मला त्रास झाला. "पण आता गाडीतून कुठं उतरू हो? नातवाला स्टेशनवर घेऊन येणार आहेत." मग म्हणाले, "दिवाळीनंतर येईन. फ्लॅटचं गिऱ्हाईक बघायला. छत्री ठेवा तोवर." गाडी हलली असावी, आवाज तुटत गेला.

मी फोन ठेवला. त्यांनाही ऐकू येत होतंच सगळं. मुलगा आत जाऊन मीटिंगला बसला. सुनेने डोळे पुसले, रांगोळी घातलेल्या ताटाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मग गॅस पेटवून पोळी तव्यावर टाकली.

"बसा," ती म्हणाली.

"मी? अगं, सवाष्णीचं ताट ते."

"बसा हो आई. वाढलेलं ताट रिकामं कसं ठेवू? पोरीच्या नावाने कुणीतरी पोटभर जेवायला हवं."

मी त्या पाटावर बसले. समोर हिरवा खण होता. पोळी मऊ झाली होती, तूप कडेने ओघळत होतं. सून वाढत होती आणि मी मान खाली घालून जेवत होते. तिकडे ते भुसावळच्या पुढे कुठेतरी वडापाव खात असतील, असं मनात आलं. तरी घास अडकला नाही. मला भूक लागली होती. मी दुसरी पोळी मागून घेतली, आणि मागताना आवाज इतका बारीक निघाला की सुनेला दोनदा विचारावं लागलं.